चित्र येतं, आवाज येत नाही

आप्पा, परवा शेवटचे पाहुणे गेले. धाकटी आत्या निघताना म्हणाली, "सुरेखा, आता घर खायला उठेल गं तुला." मी मान हलवली. तिला काय सांगणार? घर तर तुम्हाला लकवा मारला त्या दिवशीच गप्प झालं होतं. तुम्ही सकाळी चहा घेत होता. बशी हातातून निसटली आणि तुम्ही माझ्याकडे बघून काहीतरी बोललात, पण त्यात एकही शब्द नव्हता. तेव्हापासून या घरात बोलायचं काम माझ्या एकटीकडे आलं.

दिवस संपल्यावर गंधमुक्तीच्या विधीला किती माणसं आली होती, तुम्ही बघायला हवं होतं. आपली अख्खी डिंडोली आली, शेजारचं नवागाम आलं, हजीऱ्याच्या कारखान्यांत कामाला जाणारी ती पोरं पाळी बदलून आली. तुम्हाला लूम दुरुस्त करणारे जॉबर म्हणून ओळखणारे थोडे. कापडाच्या लूमच्या खात्यात तुम्ही आयुष्य घालवलंत, पण लोकांनी आठवण काढली ती माइकची. जो तो येऊन एकच सांगत होता, "आमच्या लग्नात आप्पाच माइकवर होते." कुणी म्हणे, आप्पांनी मामाला शोधून काढलं म्हणून मुहूर्त गाठला. कुणी म्हणे, वरातीतल्या पोरांचं भांडण आप्पांनी माइकवरून मिटवलं. एकानं तर तुमची नक्कलही करून दाखवली. हात तोंडाजवळ नेला आणि म्हणाला, "ज्यांच्या चपला बदलल्या असतील त्यांनी भांडू नये, मिळालेली जोडी चांगली असेल तर गुपचूप घरी जावं." सगळे हसले. मीही हसले. आणि हसता हसता मला कळलं, की मला तुमचा आवाज आठवत नाहीये.

शब्द आठवत होते. तुमचं वाक्य कुठे थांबायचं तेही आठवत होतं. पण आवाज म्हणून कानात जे यायचं ते आजारातलं, तोंडाच्या एका बाजूनं निघणारं, जड. तुमच्याकडे एकच शब्द उरला होता ना, "सावधान". दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या होत्या, पाठ असलेलं काहीतरी म्हणवून घ्या, पाठ असलेलं कधी कधी शिल्लक राहतं. मी श्लोक म्हणून पाहिले, आईचं नाव म्हणून पाहिलं, माझं नाव तर किती वेळा. शेवटी मंगलाष्टकाची ओळ म्हटली आणि तुम्ही टोकाचा शब्द घेतलात. मग पाणी हवं तरी सावधान, कूस बदलायची तरी सावधान, मी शाळेतून आले की दारातच सावधान. कोणत्या सावधानाचा अर्थ काय ते मी शिकले. कमलकाकू भिंतीपलीकडून ओरडायची, "सुरेखा, आप्पा पाणी मागताहेत बघ." तिलाही कळायला लागलं होतं.

त्या एका शब्दाखाली तुमचा आधीचा आवाज दबून गेला. पाहुणे गेल्यावर मी फोन घेऊन बसले. फोनमध्ये तुमचे फोटो आहेत, आवाज नाही. एका घरात राहणारी माणसं एकमेकांना आवाज पाठवत नाहीत. मी शाळेतून फोन केला तर तुम्ही बोलायचात ते बोलून संपायचं.

मग मनात आलं, सगळ्या डिंडोलीच्या लग्नांच्या शूटिंगमध्ये तुम्ही आहात. तिथं आवाज असणारच.

कमलकाकूनं पिशवी भरून सीड्या आणून दिल्या. तिच्या तिन्ही पोरांची लग्नं, पुतण्यांची लग्नं. म्हणाली, "आमचं मशीन केव्हाच भंगारात गेलं. तुझ्याकडे चालतं का बघ." माझ्या नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही. आपला जुना कॉम्प्युटर असता तर प्रश्न नव्हता, पण तुमच्या आजारपणात कॉट ठेवायला जागा हवी म्हणून तो मीच भंगारवाल्याला दिला होता. उधन्याच्या एका कॉम्प्युटरवाल्याकडून बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह आणला. काही सीड्या नुसत्याच गरगरल्या. एक-दोन वाचल्या गेल्या, तर पडद्यावर पाटी आली: ही फाइल चालवता येत नाही, लागणारा कोडेक उपलब्ध नाही.

कोडेक म्हणजे काय ते मला कुठे ठाऊक? दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वाचलं. व्हिडिओ फार जागा खातो म्हणून तो दाबून, घड्या घालून ठेवतात. ज्या पद्धतीनं घड्या घातल्या त्याच पद्धतीनं उलगडाव्या लागतात. दर काही वर्षांनी नवी पद्धत येते आणि जुनी कुणी शिकवत नाही, म्हणून नव्या कॉम्प्युटरला जुनी घडी उलगडता येत नाही. मराठी शाळेत शिकवणाऱ्या माणसाला हे समजायला जड गेलं नाही. आमच्याकडेही वर्षागणिक पटावरची मुलं कमी होताहेत.

कुठल्याही जुन्या फाइल चालवतो असा एक फुकटचा प्लेयर मिळाला, तो टाकला. आणि तुम्ही दिसलात.

काकूच्या थोरल्या मुलीचं लग्न. शाळेच्या मैदानात मांडव, मागे निळं कापड. तुमच्या अंगावर तो बदामी सफारी. हातात माइक, माइकला रुमाल गुंडाळलेला. मांडवातल्या माइकला करंट येतो म्हणून तुम्ही नेहमी स्वतःचा रुमाल न्यायचात. केस काळे होते. तुम्ही माइक तोंडाजवळ नेलात, तोंड उघडलंत, हात वर केलात, समोरची माणसं हसली. आणि लॅपटॉपमधून काहीच आलं नाही.

मी आवाज वाढवला. पूर्ण वाढवला. दुसरी फाइल लावली. तिच्यातही तसंच. तुम्ही बोलताय, ओठ हलताहेत, मान हलतेय, आणि शब्द नाही. आप्पा, हे मी दोन वर्षांहून जास्त काळ रोज पाहिलं होतं. तुम्ही पलंगावर बसून माझ्याकडे बघत तोंड हलवायचात, घाम यायचा, मग डोळे भरायचे. मी म्हणायचे, "राहू द्या आप्पा, नंतर बोलू." मी लॅपटॉपचं झाकण लावलं आणि ओट्यापाशी जाऊन उगाच भांडी घासत राहिले. घासलेलीच होती.

उधन्याच्या त्या कॉम्प्युटरवाल्याकडे परत गेले. त्यानं फाइल पाहिली आणि म्हणाला, "बेन, चित्रनो कोडेक मळी गयो, अवाजनो जुदो छे. बहु जूनी फाइल छे." चित्राची घडी वेगळी, आवाजाची वेगळी. त्यानं काहीतरी बसवलं, फाइल बदलून दिली आणि तिथंच लावून दाखवली. आवाज आला. दुकानभर आला.

सिनेमातलं गाणं होतं.

तुम्ही माइकवर बोलताय आणि वर गाणं. नवरी येतेय तरी गाणं, अक्षता पडताहेत तरी बासरी. जेवणाच्या पंगतीला ढोलक. नवरा-नवरीचा फोटो बदामाच्या आकारात उडत येतो आणि कुठल्या तरी बर्फाच्या डोंगरावर जाऊन बसतो. घरी येऊन मी चालतील त्या सगळ्या सीड्या बघितल्या. सगळीकडे तेच. मला हसू आलं, आप्पा. घरात मी एकटी, समोर तुम्ही हातवारे करताय, आणि तुमच्या तोंडातून कुणा भलत्याच बाईचं गाणं निघतंय. तुम्ही बाजूला असतात तर किती चिडला असतात, या विचारानं आणखी हसले. मग ते हसू थांबवायला कुणी नव्हतं, ते आपलं आपणच थांबलं.

मी प्रकाशभाऊकडे गेले. तुमचा शूटिंगवाला. अर्ध्या डिंडोलीची लग्नं त्यानं काढली आणि बाकीच्या अर्ध्या डिंडोलीशी त्याचं भांडण. आता नवागामात मोबाइलची कव्हरं विकतो. मला पाहून खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. गंधमुक्तीला येता आलं नाही म्हणून दोनदा हात जोडले.

मी विचारलं, "प्रकाशभाऊ, खरा आवाज कुठे गेला हो?"

"खरा आवाज कोण ठेवतो ताई? जनरेटरची घरघर, पोरांची रडारड, वाढप्यांची बोंबाबोंब. वरून गाणं टाकलं की पार्टी खूश."

"मूळ शूटिंग असेल ना?"

"कॅसेटवर होतं. तीच कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायची. नवी कॅसेट कुणाला परवडत होती?" त्यानं चहाचा पेला माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "आप्पा फार चिडायचे माझ्यावर. 'प्रकाश, मी घसा फोडतो आणि तू माझ्या तोंडावर गाणं घालतोस.' दर लग्नाला हेच. म्हणून तुमच्या वेळी ते आधीच येऊन बसले. म्हणाले, 'माझ्या पोरीच्या लग्नाला एकही गाणं टाकायचं नाही. कापायचंही नाही. जसं आहे तसं दे.'"

"माझ्या लग्नाचं?"

"तुमच्याच. कॅमेऱ्यातून थेट कॉम्प्युटरवर घेतलं आणि अख्खी हार्ड डिस्क आप्पांच्या हातात दिली. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. म्हणजे घरात काहीतरी ठेवलेलं आहे एवढं ठाऊक होतं. कपाटाच्या वरच्या खणात, तुमच्या माइकच्या डब्याशेजारी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू होती. मी ती दिवाळीच्या साफसफाईत दर वर्षी उचलून, खाली पुसून, तशीच परत ठेवत आले होते. ती तुमच्या माइकचीच काहीतरी वस्तू असेल असं मला वाटायचं.

आता ती काढणं आलं. आणि काढली तर तो दिवस बघणं आलं.

नंदुरबारकडच्या त्या सासरच्या घरात माझं काय झालं, ते आपण दोघंही कधी पूर्ण बोललो नाही. मी वर्षाच्या आत परत आले. आईनं अंथरूण घातलं, जेवायला वाढलं, शेजाऱ्यांना काय सांगायचं ते तिनं सांगितलं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. आणि थोड्याच दिवसांत, लग्नसराई आली तसे तुम्ही सफारी चढवून निघालात. मी दारात आडवी उभी राहिले होते, आठवतं ना तुम्हाला? मी म्हटलं होतं, "आता तरी हे बंद करा. घरात पोरगी परत येऊन बसलीय, आणि तुम्ही दुसऱ्याच्या मांडवात 'सुखाचा संसार होवो' म्हणणार?"

"लोक बोलावतात माय, जावं लागतं."

"पण तुम्हाला म्हणवतं कसं?"

तुम्ही रुमालाची घडी खिशात घातलीत. "संध्याकाळी येतो. मग बोलू."

संध्याकाळी तुम्ही आलात. घसा बसलेला होता. आईनं हळदीचं दूध दिलं, तुम्ही झोपलात. पुढेही बरेचदा बोलू म्हणालात. नंतर आई गेली, मला शाळेची नोकरी लागली. प्रश्न जुना झाला, पण गेला नाही. दर लग्नसराईत तुम्ही सफारी घातलीत की मी स्वयंपाकघरात जायचे. मला अजूनही वाटतं, आप्पा, की मी विचारलं ते चुकीचं नव्हतं. आणि ज्या वर्षी मला वाटलं की आता शांतपणे विचारता येईल, दोन म्हाताऱ्या माणसांसारखं बसून बोलता येईल, त्याच वर्षी तुमची बशी हातातून निसटली.

रविवारी सकाळी मी डिस्क उतरवली. तिला जोडायची केबलही वेगळी, तीही आणावी लागली. फाइल केवढी मोठी होती, अख्खा दिवस होता तिच्यात. लावली. चित्र स्वच्छ आलं, सीड्यांपेक्षा कितीतरी स्वच्छ. आवाज पुन्हा नाही.

या वेळी मी बंद केलं नाही. तसंच बघितलं. आधी रिकामा मांडव. खुर्च्या मांडणारी माणसं. मग आई दिसली. आप्पा, आई चालत येत होती. हातात ताट, पदर कमरेला खोचलेला, कुणाला तरी रागावत होती. कॅमेरा बघून तिनं पदर सोडला, चेहरा नीट केला आणि लगेच वळली. मी तिला मागे-पुढे करून खूप वेळा पाहिलं. मग मी आले. हिरव्या चुड्यातली, मुंडावळ्यांतली एक पोरगी. मला वाटत होतं तिचा राग येईल, किंवा रडू येईल. तसं झालं नाही. ती फार थकलेली दिसत होती. तिला भूक लागली होती, हे मला एकदम आठवलं. बाकी तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही.

दुपारभर मी इंटरनेटवर शोधत बसले. शेवटी एका जुन्या चर्चेत सापडलं. कुणीतरी कुठल्या तरी देशातून हाच प्रश्न विचारला होता आणि कुणीतरी उत्तर दिलं होतं. त्या वेळच्या कॅमेऱ्यातून थेट घेतलेल्या काही फाइलींत आवाज वेगळा ठेवलेलाच नसतो, तो चित्राच्याच आत असतो. नवे प्लेयर आवाज शेजारी शोधतात, मिळाला नाही की गप्प राहतात. आवाज बाहेर काढून देणारा एक जुना छोटा प्रोग्राम त्यानं सांगितला होता. ते उत्तरही कित्येक वर्षांपूर्वीचं होतं. मी तो उतरवला, इंग्रजी सूचना दोनदा वाचल्या, सांगितलं तसं केलं. एक हिरवी पट्टी सरकायला लागली. मी जागची उठले नाही.

मग फाइल लावली.

आधी जनरेटर. प्रकाशभाऊ म्हणाला होता तशीच घरघर. मग पोरांचा गलका, पातेल्यावर झारा आपटल्याचा आवाज, कुणीतरी "ए बर्फ आला का बर्फ" म्हणून ओरडतंय. आणि त्या सगळ्याच्या वरून, अगदी सहज, तुम्ही.

"नवागामहून आलेल्या मंडळींना विनंती आहे, उन्हात उभं राहू नका, मांडवात या. मांडव तुमचाच आहे."

आप्पा, तुमचा आवाज माझ्या आठवणीपेक्षा पातळ होता. मला वाटत होतं, भारदस्त असेल. तसा नव्हता. थोडा नाकातला, उंच, कडेला जरा फाटलेला. लूमच्या खडखडाटावर चढवून चढवून तसा झाला असेल. पण एकेक अक्षर सुटं. मी वर्गात शिकवते तेव्हा शेवटच्या बाकावरच्या मुलाला ऐकू जातं, माइक लागत नाही. बाकीच्या बाई विचारतात, कुठे शिकलात? शिकवणारे तुम्हीच होतात. भाषण पाठ करून घेताना मला गच्चीवर उभं करायचात आणि स्वतः गल्लीच्या टोकाला जाऊन उभे राहायचात. तिथून हात वर केलात की मला कळायचं, पोहोचलं. ते वाक्य तुमच्यापर्यंत पोहोचल्याचा आनंद माझ्या आयुष्यातल्या मोठ्या आनंदांपैकी आहे, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

मुलीच्या बापानं त्या दिवशी माइक धरायचा नसतो. फाइलमध्ये मोठे मामा तसं म्हणतानाही ऐकू येतात. तुम्ही त्यांना म्हणता, "मग कोण धरेल? तू? तू बोललास तर लोक जेवणाआधीच घरी जातील." अक्षता पडतात. तुम्ही शेवटची ओळ घेता, "शुभमंगल सावधान", पूर्ण, खणखणीत, दोन्ही शब्द सुटे. तिथं मी थांबवलं आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं परत आले.

निघायची वेळ झाली. तुम्ही दर लग्नात नवरीला माइकवरून दोन शब्द सांगायचात. सासर हेच आता तुझं घर, दोन्ही घरांचं नाव राख, वगैरे. मला ते पाठ होतं. फाइलमध्ये कुणीतरी म्हणतं, "आप्पा, पोरीला सांगा काहीतरी." तुम्ही सुरुवात करता, "सुरेखा, आजपासून..." आणि थांबता. नुसता जनरेटर ऐकू येतो. बँडवाले तयारीत पिपाण्या वाजवून बघताहेत. मग तुम्ही माइकवरच, घरी बोलता तसं, अहिराणीत बोलता.

"माय, तुले जवय वाटी तवय घर ये. इचारू नको."

तुला वाटेल तेव्हा घरी ये. विचारू नकोस. एवढंच. पुढे बँड सुरू होतो. चित्रात मी मान खाली घालून उभी आहे आणि मामी माझ्या कानाशी मोठमोठ्यानं रडतेय. मी ऐकलं नाही, आप्पा. माझा चेहरा बघा, मी ऐकलेलंच नाही.

आता तुम्हाला एक सांगते. परत आले त्या दिवशी मी दारात थांबले होते. बॅग हातात होती. तुम्ही समोर खाटेवर बसला होता. मी विचारलं, "आप्पा, येऊ का?" तुमचा चेहरा एकदम बदलला. तुम्ही उठलात, माझ्या हातातली बॅग जवळजवळ ओढून घेतलीत आणि एक शब्द न बोलता आत निघून गेलात. मी तो राग समजले. पोरगी परत आली याचा राग. मी तो इतकी वर्षं सांभाळला. तुमचं पाणी भरताना, तुमचे कपडे बदलताना, तुमचा घास भरवताना तो माझ्याजवळ होता. आणि तुम्ही रागावलाही असाल, नाही म्हणत नाही. सगळ्या डिंडोलीसमोर माइकवरून सांगून ठेवलेलं होतं, विचारू नको म्हणून, आणि ही पोरगी दारात उभी राहून विचारते, येऊ का.

तुम्हाला वाटलं, मी ऐकलंय. तुम्ही बोललात ते नेहमी सगळ्यांना ऐकू जायचं, त्यामुळे तसं वाटणारच.

माझा दुसरा प्रश्न मात्र तसाच आहे. तुम्हाला म्हणवत कसं होतं, याचं उत्तर या फाइलमध्ये नाही. तुमचं माझं ते भांडण उरलं. ते मी एकटी कसं पुढे नेऊ, मला ठाऊक नाही. तुमची बाजू मांडायला मी बसले की तुमच्या तोंडी मला हवी तीच वाक्यं येतात.

संध्याकाळी उशिरा चहाचं आधण ठेवलं आणि फाइल चालूच ठेवली. निघण्याच्या आधीचा, पंगतीचा भाग मागे जाऊन लावला होता. तुम्ही एकेकाला जेवायला बोलवत होतात. सुताररावांचं घर जेवलं का, वरच्या खात्यातली मंडळी आली का. तेवढ्यात दार ढकलल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर कमलकाकू उंबऱ्यात उभी. हाताला पीठ लागलेलं. आणि डोक्यावरून पदर घेतलेला. एरवी आपल्याकडे येताना ती कधी पदर घेत नाही. तुम्ही बोलत असलात, की मात्र घ्यायची.

"सुरेखा," ती हळूच म्हणाली, "आप्पा बोलताहेत?"

मी तिला आत घेतलं. तिला खुर्ची दिली तर ती खालीच बसली, लॅपटॉपसमोर, पडद्याकडे सरळ न बघता जरा बाजूला बघत. चूल-पिठाचं तिला भान नव्हतं. आणि मग तुम्ही म्हणालात, "भागवतराव कुठे आहेत? भागवतराव, पान वाढलंय, या."

काकूचे यजमान, भागवतराव, जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तिनं माझा हात धरला.

"ते आलेच नव्हते गं त्या दिवशी," ती म्हणाली. "मालकानं सुट्टी दिली नव्हती. लूमवर होते. मी आप्पांना सांगायला विसरले."

"भागवतराव," फाइलमध्ये तुम्ही पुन्हा हाक मारलीत. "आहात तिथून या. तुमच्याशिवाय पंगत बसणार नाही."

काकू पदराचं टोक तोंडाशी धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "जरा मोठ्यानं कर."

मी केलं.